बशीतलं कातडं आणि घरातला बिब्बा

आमच्या हायस्कुलात विज्ञानाचं एक मासिक येत असे. ते येतं, हे मला नोकरी लागून बरेच दिवस झाल्यावर कळलं, कारण टपालातून आल्याबरोबर मुख्याध्यापक ते कपाटात ठेवून कुलूप लावत. मुलांच्या हाती पडलं तर वाचून खराब होईल, अशी त्यांना काळजी होती. मी विज्ञान शिकवत असे, म्हणून मधल्या सुट्टीत मला किल्ली मिळे. अट एकच, पानं ओल्या बोटानं उलटायची नाहीत.

एका अंकात माणसाचं कातडं बशीत वाढवण्याबद्दल लेख होता. परदेशात माणसाच्या अंगावरून टपालतिकिटाएवढा तुकडा काढतात, त्यातल्या पेशी सुट्या करतात, त्यांना कसलंसं पोषक पाणी घालतात, आणि काही आठवड्यांनी बशीभर कातडं तयार होतं. भाजलेल्या माणसांच्या जखमांवर ते लावतात. शेवटी दोनच ओळी होत्या: उद्या अशा कातड्यावर साबण, रंग, औषधं लावून बघता येतील, ते जळतं का, त्यात जंतू शिरतात का, हे जनावरांना आणि माणसांना त्रास न देता कळेल. खाली छायाचित्र होतं. बशी स्पष्ट दिसत होती, कातडं मात्र दुधावरच्या सायीसारखं, आहे म्हटलं तर आहे. मी अंक परत ठेवला, कुलूप लावलं आणि सातवीच्या वर्गावर गेले. आमच्या गावात तेव्हा प्यायला पाणी नव्हतं. परदेशातल्या बशीत कोणतं पाणी घालतात, याचं मला फारसं अगत्य वाटलं नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माकणीच्या धरणाचं काम चालू होतं आणि धरणात यायचं पाणी आभाळातच अडकलं होतं. अशा वर्षी आमच्या गावात एक महिला औद्योगिक सहकारी संस्था निघाली. संस्था महिलांची होती, अध्यक्षही महिलाच होत्या. खुर्चीवर मात्र त्यांचे यजमान बसत. अध्यक्षबाई सभेला येत, डोक्यावरचा पदर सावरत एका कडेला बसत, आणि जिथं सही लागेल तिथं करत. यजमानांना गावात सगळे आण्णा म्हणत. ते भाषणात "आमच्या भगिनी" म्हणायला लागले की भगिनींपैकी कुणीतरी चहा ठेवायला उठे.

संस्था धुण्याची पावडर बनवणार होती. सोड्यात ॲसिड स्लरी म्हणजे एक काळपट चिकट द्रव ओतायचा, फावड्यानं कालवायचं, गोळे हातानं फोडायचे, चाळायचं, वाळवायचं आणि पुड्या भरायच्या. स्लरीचं आणि सोड्याचं प्रमाण जमलं तर पावडर, नाही जमलं तर कातडी सोलणारी राख, एवढं रसायनशास्त्र मला येत होतं. प्रमाण ठरवायला सोलापूरहून एक गृहस्थ आले, दुपारी जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

कुण्या अधिकाऱ्यानं आण्णांना तोंडी विचारलं होतं, की याचा हाताला त्रास होत नाही ना? आण्णांनी लगेच चाचणी घेतली. आमच्या वस्तीत विहारापुढं लिंबाचं झाड आहे, तिथं ते संस्थेच्या लोकांना घेऊन आले आणि चार बायकांना बोलावलं. गावात इतक्या आळ्या असताना आमचीच वस्ती का, असं मी विचारलं.

"बाई, ह्या आपल्या कष्टाळू भगिनी," आण्णा म्हणाले. "ह्यांच्या हाताला न्हाय झालं तर कुणाच्याच हाताला व्हायचं न्हाय."

यातली चूक मला त्याच क्षणी दिसली. मी ती सांगितलीही. पण चहा आलेला होता.

त्या चार बायकांत माझी माय होती. बहात्तरच्या दुष्काळात मायनं आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. आक्काला पुढं नवऱ्याच्या घरी सूपभर सुख मिळालं नाही, ती परत आमच्याकडं आली. पण तिचे हात तरी पुढं निवळले. मायचे नाहीत. मायच्या तळहातावर विस्तव पडला असता तरी तिनं तो आधी चुलीत परत टाकला असता आणि मग हात झटकला असता. त्या तळहातावर आण्णांनी चिमूटभर पावडर ठेवली, वर थेंबभर पाणी टाकलं, मूठ मिटायला लावली आणि सगळ्यांचा चहा होईपर्यंत ठेवली.

"काय हुतंय का, मावशी?"

"कशाचं काय? गार लागतंय," माय म्हणाली.

सगळे हसले. पुडीवर बांगड्या घातलेल्या हाताचं चित्र आलं आणि त्याखाली छापलं गेलं: हातांना सुरक्षित. उद्घाटनाला मंचावर घंगाळ ठेवून पाहुण्यांनी, आण्णांनी आणि संचालकांनी ओळीनं हात धुतले. हारांच्या पाकळ्या घंगाळात पडत होत्या. एवढ्या मोठ्या माणसांनी एकाच पाण्यात हात धुतलेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही.

आक्काला तिथं काम मिळालं. याचं मोल दुष्काळाच्या वर्षी बाहेर काम न केलेल्याला कळायचं नाही. पत्र्याचं का होईना, डोक्यावर छप्पर होतं. खाली बसून करायचं काम होतं. हजेरी घेताना तिला तिच्या नावानं हाक मारत, कुणाची तरी टाकलेली बायको म्हणून नाही. ती सकाळी वेणी घालून निघे. मी तिला चिडवी, "कचेरीला निघाली साहेबीण." ती म्हणे, "व्हय. तू जा त्या वांड पोरास्नी बेडूक दाखवायला."

महिन्याभरातच तिच्या बोटांच्या बेचक्यात लाली दिसायला लागली. आधी ती म्हणाली, भांडी घासून झालंय. मग म्हणाली, उन्हानं. बोटं कोरडी पडली, मग चिरली. भाकरी थापताना ती तळहाताऐवजी बोटांच्या मागच्या बाजूनं पीठ उलटायला लागली तेव्हा मायनं तिचा हात धरून चुलीपुढं उजेडात आणला.

"अगं हे काय? भेगा पडल्यात की!"

आणि मायनं तेच केलं जे तिच्या आईनं तिला केलं होतं आणि आमच्या भागात घरोघर करतात. कोनाड्यातून बिब्बा काढला, दाभणाला टोचला, दिव्यावर धरला आणि त्यातून गळणारं काळं तेल भेगांत भरलं. पायाच्या टाचांना हा उपाय आम्ही सगळ्यांनी सोसलेला आहे. टाचेचं कातडं जाड असतं, ते बिब्ब्याला पुरून उरतं. आक्काचं बेचक्यातलं कातडं आधीच सोलून लाल झालं होतं. मी शाळेतून आले तेव्हा बिब्बा भरून झाला होता आणि माय समाधानानं दाभण पुसत होती.

दोन दिवसांत बिब्बा उतला. हातभर फोड आले, फुटले, परत आले. आक्का तशीच कामाला गेली. तिथं गेल्यावर तिला दिसलं, की तिच्या एकटीचंच असं नाही. अर्ध्या बायकांच्या बोटांना चिंध्या होत्या, आणि चिंध्यांच्या आत बहुतेकींच्या भेगा काळ्या होत्या. प्रत्येक घरी एक माय होती, आणि प्रत्येक घरी कोनाडा.

मग आक्काला ताप भरला. उजवा हात मनगटापर्यंत सुजला, दंडाकडं लाल रेघ चढायला लागली. ते बघून मी शाळेला रजा टाकली आणि एका ट्रकमध्ये पुढं बसून आम्ही उमरग्याला गेलो. माय मागं राहिली. निघताना तिनं फक्त ट्रकच्या पायरीवर आक्काची साडी अडकली होती ती सोडवली.

उमरग्याचे डॉक्टर चांगले होते, म्हणजे कमी बोलायचे. त्यांनी हात उलटासुलटा केला, काळे डाग बघितले आणि विचारलं, "बिब्बा लावला होता?"

"व्हय," आक्का म्हणाली.

"झालं तर मग." त्यांनी कागदावर तसं लिहिलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, बिब्बा नंतर लावलाय. आधी पावडरीनं हात सोलला. तिथल्या सगळ्या बायकांचे हात असेच आहेत."

"सगळ्यांनी बिब्बा लावलाय?"

"बहुतेकींनी."

ते चिमट्यानं पू साफ करत होते. आक्कानं ओठ दातांत धरला होता. "बाई," ते म्हणाले, "तुमचं खरंही असेल. पण मला इथं दिसतो तो बिब्बा आणि त्यावर चढलेले जंतू. खालचं कातडं आधी कशानं गेलं, हे आता कोण सांगणार? एकजण बिब्बा लावून येतो, एकजण चुना, एकजण तंबाखूची मिसरी. मला अजून एकही पेशंट कोऱ्या कातड्याचा आलेला नाही."

मला कपाटातलं मासिक आठवलं. मी त्यांना बशीतल्या कातड्याबद्दल सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. "वाचलंय मी," ते म्हणाले. "ते आपल्याकडं यायला तुमच्या विद्यार्थ्यांना नातवंडं व्हावी लागतील. तोवर हिला पावडरीत हात घालू देऊ नका. हे करंगळीशेजारचं बोट वाचेल असं वाटतंय, पण परत चिघळलं तर मी सांगत नाही."

परतीच्या एस.टी.त आक्का खिडकीशी बसली होती, हात मांडीवर उताणा ठेवून, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि तिला फक्त सांभाळायला दिला होता.

"ते बशीतलं कातडं," ती मधेच म्हणाली. "त्याला खाज सुटली तर खाजवतं कोण गं?"

"त्याला खाज सुटत नाही. त्याला मेंदू नसतो."

"मंग जळालं ते कसं कळतं?"

"पेशी मरतात. सूक्ष्मदर्शकातून दिसतं."

बस लोहाऱ्याच्या वाटेला लागेपर्यंत तिनं यावर विचार केला. मग म्हणाली, "म्हंजी ते काय बोलत न्हाय, म्हणून त्याचं खरं धरत्यात. आमी बोलतो."

तिनं डोळे मिटले आणि जरा वेळानं, डोळे मिटूनच, म्हणाली, "माज्या जागी दुसरी घेतली असंल का?"

हेच खरं होतं. हात तिचा दुखत होता, पण काळजी जागेची होती. संस्थेत जर मान्य झालं असतं की पावडरीनं हात जातात, तर प्रमाण बदललं असतं, रबरी मोजे मिळाले असते आणि आक्का परत जाऊ शकली असती. बिब्ब्यानं हात गेले असं ठरलं, तर दोष घरचा, आणि संस्थेनं तरी काय करावं?

हे संस्थेच्या सभेत मांडायचं मी ठरवलं आणि सभेआधी एक गोष्ट केली. पावडर ओली करून एका फडक्यावर घेतली आणि रात्रभर माझ्या डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या मऊ बाजूला बांधून ठेवली. सकाळी तिथं लाल चट्टा होता आणि त्यावर बारीक पुरळ. मी तो चट्टा घेऊन सभेला गेले.

आण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. पण बाई, तुमच्या घरात बिब्बा हाय का न्हाय?"

"आहे."

"बहिणीच्या हाताला लावला का न्हाय?"

"लावला. पण मी..."

"एकाच घरात राहता, एकाच दोरीवर फडकी वाळवता. बिब्बा नुसता वाऱ्यानं उततो म्हणत्यात." सभा हसली. मग त्यांनी आवाज मऊ केला. "आणि चाचणी तर आपण घेतलेली हाय. तुमच्याच आईच्या हातावर. मावशी, खरं का खोटं?"

माय दाराशी बसली होती. ती म्हणाली, "खरं हाय. मला काय झालं न्हाय."

मी म्हटलं, मग आता चाचणी संचालक मंडळाच्या कोपराच्या आतल्या बाजूला घेऊ या. यावरही लोक हसले, पण थोडं कमी. बायकोच्या जागी बसणारे एक संचालक म्हणाले की त्यांना आधीच खरूज आहे. दुसऱ्यांनी पंचांग बघून सांगतो म्हटलं. आण्णा काही बोलायच्या आत कडेला बसलेल्या अध्यक्षबाईंनी, ज्यांचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, बाही वर सरकवली.

"माज्या हाताला बांधा," त्या म्हणाल्या.

त्यांचा हात गोरा, गुबगुबीत होता, आतून ताज्या लोण्यासारखा. बिब्ब्याचा काळा डाग कुठं नव्हता. मी सगळ्यांसमोर पावडर ओली केली आणि फडकं बांधलं. गाठ मारताना त्यांनी माझ्या कानाशी पुटपुटल्यासारखं म्हटलं, "लई बायांचे हात बघितले म्या." मला वाटलं, आता सुटलं. खरं सांगायचं तर त्या रात्री मी आक्काला म्हटलंही, की तुझी जागा कुठं जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत सगळे परत जमले. बाईंनी फडकं सोडलं. पट्टीच्या आकाराचं लालबुंद कातडं होतं आणि कडेनं फोड आले होते. चाळणीवरच्या बायका हातातलं काम टाकून उभ्या होत्या. आक्काही आली होती, गळ्यात फडक्याची झोळी आणि झोळीत हात.

आण्णांनी बायकोच्या हाताकडं बघितलं, मग बायकोकडं. "काल घरी गेल्यावर टाचेला बिब्बा भरला हुता का न्हाय तू?"

बाईंनी डोक्यावरचा पदर सावरला.

"भरला हुता का न्हाय?"

"भरला असंल," बाई म्हणाल्या.

"हात लागला असंल."

"लागला असंल."

त्यांनी पदराखाली हात घेतला आणि बाही खाली ओढली. बाही फोडांवरून गेली तेव्हा त्यांचा चेहरा आकसला, तेवढंच. मी त्यांना तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. त्यांना संध्याकाळी त्याच घरी जायचं होतं. बायका परत चाळणीकडं वळल्या. आण्णांनी बिब्ब्याच्या दुष्परिणामांवर शाळेत एक व्याख्यान ठेवावं असं मला सुचवलं, आणि लागेल तर संस्था चहा देईल असंही म्हणाले.

आता निवृत्त झाल्यावर वेळ मिळतो तसं मी वाचते, की ते बशीतलं कातडं खरंच आलं. नुसतं कातडं नाही, डोळ्यावरचा पडदा, श्वासनळीचं आतलं अस्तर, सगळं माणसाच्या पेशींतून वाढवतात. त्यावर पावडरी टाकतात, जंतू सोडतात आणि कशानं किती जळलं, कोण कधी आत शिरलं, ते वेगवेगळं काढून बघतात. आधी पावडर मग जंतू, नुसते जंतू, नुसती पावडर. शास्त्रज्ञ त्याचे गुण सांगतात: सगळ्या बशा एकसारख्या असतात, परत परत तेच उत्तर मिळतं. मला त्याचा खरा गुण वेगळा वाटतो. त्याला घर नसतं. कोनाडा नसतो, माय नसते, नवरा नसतो, उद्याच्या हजेरीची काळजी नसते. आमच्या गावात असं एकही कातडं नव्हतं.

बिब्ब्यावरचं ते व्याख्यान मी दिलं नाही. आक्काची जागा मात्र गेली नाही, कारण तिच्याहून धड हातांची दुसरी कुणी मिळेना. ताप उतरल्यावर ती परत निघाली. मी डॉक्टरांचं सांगून बघितलं, रागावून बघितलं.

"तुजी नोकरी सोडतीस का माज्यासाठी?" ती म्हणाली. "मंग मला का सांगतीस?"

मोजे नव्हते. मायनं त्याच पावडरीच्या रिकाम्या, प्लास्टिकच्या पुड्या धुऊन वाळवल्या आणि रोज सकाळी आक्काच्या हातांवर चढवून मनगटाशी सुतळीनं बांधायला लागली. दोन्ही हातांवर बांगड्यांचं चित्र आणि खाली छापलेलं, हातांना सुरक्षित. दुपारपर्यंत आत घाम साचे आणि कातडं पांढरं, लिबलिबीत होई. काही दिवस निभावलं, काही दिवस नाही. करंगळीशेजारचं बोट परत चिघळलं, आणि भरून आलं तेव्हा ते वाकलेलंच राहिलं. संस्था पुढं बंद पडली, तीही हातांमुळं नाही. पावडर खपली नाही म्हणून.

मायनं कोनाड्यातला बिब्बा ओढ्यात टाकून दिला होता. "म्याच जाळला तिचा हात," असं ती म्हणे. मी तिला दरवेळी समजावून सांगे, की आधी पावडर, मग बिब्बा. ती ऐकून घेई आणि म्हणे, "तू माजी म्हणून म्हणतीस."

एकदा सुतळी बांधता बांधता ती थांबली. "ते तुज्या पुस्तकातलं, बशीतलं. त्याच्यावर नुसती पावडर टाकली, बिब्बा न्हाय टाकला, तर कळंल व्हय, कशानं जळालं ते?"

"कळेल."

"मंग एक पुडी धाड की तिकडं."

मी म्हटलं, कुठं धाडू? मला पत्ता माहीत नाही.

"मासिकवाल्यास्नी इचार," ती म्हणाली, आणि भरलेली एक पुडी तिनं बिब्ब्याच्या रिकाम्या कोनाड्यात ठेवली. मी कपाटाची किल्ली मागून लेख परत काढला. शेवटी कुणाचाच पत्ता नव्हता. पत्ता नाही, एवढंच मी मायला सांगितलं; मासिकवाल्यांना पत्र मात्र घातलं नाही. तिनं मान हलवली, पण पुडी काढली नाही. पुढं कितीतरी दिवस, मी शाळेतून आले की ती आधी कोनाड्याकडं बघे आणि मग माझ्याकडं.